खरी वाक्यं

मंगळवारी वही शिरूरहून दौंडला जायची आणि शुक्रवारी दौंडहून शिरूरला परत यायची. पोस्टानं पाठवली असती तर जाता-येता चार दिवस वाटेतच गेले असते, म्हणून ती एसटीनं जायची, कंडक्टर मच्छिंद्रच्या तिकिटांच्या पेटीखाली, वरून रबर लावून. शिरूरच्या स्टँडवर राहेल साळवे ती त्याच्या हातात द्यायची. दौंडच्या स्टँडवर तिचे वडील, दावीद साळवे, ती उतरवून घ्यायचे. राहेल शिरूरच्या एका शाळेत आठवी-नववीला इंग्रजी शिकवत होती, मिशन कंपाउंडात एका खोलीत राहत होती आणि चव्वेचाळीस वर्षांच्या बापाला परीक्षेला बसवत होती.

"लेक मास्तरीण आन् बाप इद्यार्थी," मच्छिंद्र पुढच्या सीटवरच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा. "आमच्यात उलटं हाय. माझा बाप सत्तरीला आला, अजून मला कानफाडात ठिवून देतो."

दावीद रेल्वेत होते, दौंडच्या यार्डातल्या एका केबिनमध्ये लिव्हरमन. उंच केबिन, बाहेरून लोखंडी जिना, वर खिडक्यांना लागून लिव्हरांची रांग. केबिनमास्तर फोनवर पुढच्या स्टेशनाशी बोलून गाडीला वाट मिळवायचा, रजिस्टरात वेळ लिहायचा आणि नंबर पुकारायचा. दावीदनी तो नंबर परत मोठ्यानं म्हणायचा आणि लिव्हर ओढायची. मग खाली यार्डात कुठंतरी रुळांचा सांधा फिरायचा, नाहीतर लांबवर सिग्नलचा हात पडायचा. लांबच्या सिग्नलची तार जवळपास मैलभर ताणलेली. उन्हानं ती सैल पडली की लिव्हर सहजी येत नसे. पाय रोवून, सगळं अंग मागं टाकून ती आणावी लागे. एकोणीस वर्षं त्यांनी ती आणली होती. आता त्यांना यार्डाच्या ऑफिसात क्लार्कची खुर्ची हवी होती.

त्यासाठी खात्याची परीक्षा. चौथ्या वर्गातून तिसऱ्या वर्गात जायचं म्हणजे सोलापूरला जाऊन पेपर द्यायचे. रेल्वेचे नियम त्यांना तोंडपाठ, गणितात कुणाला हार जात नसत. इंग्रजीनं मात्र त्यांना दोनदा पाडलं होतं. ही तिसरी खेप. पुढच्या साली वय उलटलं असतं आणि अर्जच घेतला गेला नसता. सन १९७६च्या जूनमध्ये त्यांनी दोन्ही जुन्या पेपरांच्या नकला राहेलसमोर ठेवल्या आणि म्हणाले, "बघा बाई, काय करता येतं का." तेव्हापासून ते लेकीला बाईच म्हणायला लागले. आधी थट्टेनं, पुढं सवयीनं.

राहेलनं पेपर पाहिले. काळ बरे होते, वचन-लिंग बरं होतं. घसरत होते ते कॅन, मे, मस्ट, शुड या लहानशा शब्दांवर. आठवीच्या पोरीही तिथंच घसरायच्या, त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. मराठी माणूस एका 'पाहिजे'वर सगळं भागवतो. भूक लागली तरी पाहिजे, साहेबांनी बोलावलं तरी गेलं पाहिजे, आजाऱ्यानं औषध घेतलं पाहिजे. 'जाता येईल' म्हटलं की त्यात पायातली ताकदही आली आणि मालकाची परवानगीही. इंग्रज या सगळ्यांना वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगतो.

एका रविवारी, चर्चहून आल्यावर, तिनं पुस्तक मिटून ठेवलं आणि केबिनच्याच भाषेत सांगायला घेतलं.

"लिव्हर ओढायची ताकद तुमच्या अंगात आहे, ती कॅन. पण ताकद आहे म्हणून तुम्ही ओढता का?"

"छ्या. पुढनं लाइन क्लिअर आल्याबिगर?"

"लाइन क्लिअर आली, म्हणजे मोकळीक मिळाली. ती मे. नियमाच्या पुस्तकात लिहिलंय, गाडी जाईस्तोवर सांध्याला हात लावायचा नाही. ती मस्ट."

"आन् शुड?"

"केबिनमास्तर म्हणतो, साळवे, जरा चहा घ्या, डोळे तांबारलेत तुमचे."

 दावीद म्हणाले, "हे पुस्तकात असं का न्हाई लिवत? दोन वर्सं फुकट गेली माझी."

गाळलेल्या जागांचे दहा मार्क त्या दिवशी खिशात पडले. राहिले स्वतःच्या वाक्यांचे दहा. एकेक शब्द दिलेला असे, तो वापरून पुरं वाक्य रचायचं. इथं अडचण वेगळी निघाली. राहेल सरावाला दहा शब्द लिहून पाठवी; वही परत येई तेव्हा त्यातल्या पाच ओळी कोऱ्या असत आणि समासात मराठीत लिहिलेलं असे, 'हे मला लागू नाही.' पोहणे या शब्दावरून वाक्य करा: लागू नाही. सायकल: लागू नाही. गाता येणे: लागू नाही, मेरीस विचारावे.

मेरी म्हणजे राहेलची आई. पुढच्या रविवारी जेवताना राहेलनं विषय काढला.

"बाबा, मला पोहता येतं, एवढं लिहायला काय होतं? तीन शब्दांचं वाक्य."

"मला कुठं येतंय पवायला?"

"परीक्षक तुम्हाला भीमेत ढकलून बघणार आहे का?"

"लिवून दिलं म्हंजी दिलं," दावीद म्हणाले. "केबिनमधी रजिस्टर असतंय. गाडी गेली, मग टाइम पडतो. जायच्या आधी पडत न्हाई. 'जाईलच आता' म्हनून कुनी टाइम टाकला आन् गाडी मधीच थांबली, तर मागची तिच्यावर चढंल. एकोणीस वर्सं मी बघतोय, जे झालं तेच लिवायचं. आता ह्या वयात हाताला दुसरं वळण कसं लावू?"

"लगीन ठरल्यावर मला चिठ्ठी धाडली हुती ह्यांनी," आई भाकरी वाढताना म्हणाली. "त्यात लिवलं हुतं, माझा पगार लई कमी हाय आन् मला एक दात न्हाई. माझ्या बापानं ती चिठ्ठी सगळ्या गल्लीत वाचून दाखीवली."

"मग? दात निघाला का पुन्ना?" दावीद म्हणाले.

राहेलही हसली, पण तिला काळजी लागली होती. दहा मार्क म्हणजे पास आणि नापास यांच्यामधलं सगळं अंतर. तिनं ताट सारलं आणि शाळेत वापरायची तो आवाज काढला. "बाबा, ही वाक्यं आहेत, साक्ष नाही. शब्द नीट बसला की झालं. खरं असायची काही गरज नाही. दुसऱ्या कुणाबद्दल लिहा हवं तर. एक माणूस होता, असं. मनानं रचा."

"मनानं?"

"मनानं."

ते हात धुवायला उठले.

सप्टेंबरात गणपती झाले, आणि त्यानंतर वही पालटली. कोऱ्या ओळी संपल्या. दर खेपेला दहाच्या दहा वाक्यं यायला लागली, मोठ्या अक्षरात, शब्दाशब्दांत बोटभर जागा सोडून. आणि ती सगळी एका माणसाबद्दल असायची. त्याला नाव नव्हतं, तो नुसता 'एक माणूस' होता. राहेलला भरून आलं. स्टाफरूममध्ये तिनं एक पान बाजूच्या बाईंना दाखवलंसुद्धा. तिनं लाल शाईनं चुका दुरुस्त केल्या, खाली मार्क दिले, कधी शेरा लिहिला: 'कल्पना छान.' नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकदा तिनं दहापैकी नऊ दिले. वडिलांनी मस्टच्या पुढं टू लावला होता, त्याचा एक कापला.

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शुक्रवारी वही देताना मच्छिंद्रनं पेटी मांडीवर घेतली आणि म्हणाला, "बाई, बाबांचे पाय दुखत्यात का वो?"

"नाही. का?"

"न्हाई, आधी गाडी थांबायच्या आत दारात असायचे. आता स्टँडवर आले की बाकावर बसत्यात. मलाच उतरून वही न्यावी लागती. म्या इचारलं, तर म्हणाले, बाईनी बसून अभ्यास कराय सांगितलाय."

राहेल हसली. तिथून शाळा दहा मिनिटांवर होती. बाजारतळापर्यंत ती हसतच होती, त्यापुढं नाही. चौथ्या तासाला तिला मोकळीक होती. तिनं वही उघडली आणि आज आलेलं पान सोडून गणपतीनंतरच्या पहिल्या पानावर गेली. तिथून पुढं एकेक पान वाचत आली. मार्क द्यायला वाचावं तसं नव्हे.

वाक्यं इंग्रजीत होती, पण तिनं ती मनात मराठीतच वाचली. एक माणूस गेल्या वर्षी अठ्ठावीस पायऱ्या एका दमात चढू शकत होता. आता तो चढू शकत नाही. तो मध्ये दोनदा थांबतो. कुणी पाहिलं तर तो बुटाची नाडी बांधत असेल असं लोकांना वाटावं. लांबची लिव्हर ओढताना त्याच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ शकतात. त्यानं डॉक्टरकडे जायला हवं. परीक्षेच्या आधी त्यानं डॉक्टरकडे जाता कामा नये. त्यानं बायकोला सांगायला हवं. त्यानं बायकोला सांगता कामा नये. नाताळपर्यंत तो असेल किंवा नसेल.

शेवटच्या वाक्यातला मे तिनं खूण करून वाखाणला होता. नऊ मार्क याच पानाला होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धी शाळा. तिनं त्या अर्ध्याचीही रजा टाकली आणि पहिल्या गाडीनं निघाली. कंडक्टर दुसराच होता. इनामगावच्या फाट्यावर खोदकामावरचे मजूर चढले. तीन हजार वर्षांपूर्वीचे रांजण सापडले म्हणे, असं कुणी म्हणालं. "मग शिरूर डेपोत बी खणा म्हणावं," मागून एकजण बोलला, "तेवढ्याच जुन्या गाड्या निघतील." सगळी गाडी हसली. राहेल खिडकीकडं तोंड करून बसली होती.

त्यांची सकाळची पाळी होती. केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला मज्जाव, म्हणून ती जिन्याच्या खाली, रुळांपासून चार पावलं सोडून उभी राहिली. वरून नंबर पुकारल्याचा आवाज यायचा, मग तोच नंबर वडिलांच्या आवाजात, मग खटका. एकदा नंबर आला, वडिलांचा आवाज आला आणि खटका लवकर आलाच नाही. तिनं मोजलं नाही. पण पुष्कळ वेळ गेला. मग खटका आला.

दोन वाजता दावीद खाली उतरले. एका हाती डबा, एका हाती कठडा. अर्ध्यावर थांबले आणि पायाशी वाकले. पायात चपला होत्या. तरी वाकून राहिले थोडा वेळ. सरळ झाले तेव्हा ती दिसली.

"तू? आज शाळा न्हाई?"

"रजा टाकली."

"उगं कशाला?" ते खाली आले. जवळून त्यांचा चेहरा मातकट दिसत होता.

"किती दिवस झाले, बाबा?"

काय किती दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. "गणपतीपासनं," म्हणाले.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं की. नऊ मार्क दिलेस तू."

टोमणा नव्हता त्यात. राहेलला वाटलं, टोमणा असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी ते मनानं रचलेलं समजले."

"म्हनून तर लिवता आलं," दावीद म्हणाले. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर ते टेकले, तिलाही बसायची खूण केली. "तू म्हणालीस, खरं नसलं तरी चालतंय. मग म्या म्हटलं, हितं खरं लिवलं तरी कोन धरतंय? हलकं वाटायचं, बाई. शुक्रवारी वही दिली की हलकं वाटायचं."

रुळांच्या पलीकडं, लिंबाच्या झाडांमागं, रेल्वेच्या दवाखान्याची कौलं दिसत होती. तिथपर्यंत चालत पाच मिनिटं. राहेल त्या कौलांकडं बघून म्हणाली, "उठा. आत्ता जाऊ."

"गेलो की डॉक्टर अनफिट लिवणार. अनफिट लिवलं की परीक्षेच्या यादीतनं नाव उडालं."

"कुणाचं उडालं?"

"उडतंय म्हणत्यात सगळे. मग अनफिट माणसाला काय देत्यात? पाणी भरायचं, न्हाईतर ऑफिसातल्या पोरांस्नी चहा. ज्या ऑफिसात मला खुर्ची पायजे, तिथंच." त्यांनी डबा मांडीवर फिरवला. "चार तारखेला पेपर हाय. दोन हप्ते ऱ्हायले. शनवारी पेपर, इतवारी परत, बुधवारी मोठा डॉक्टर येतो त्याच्याम्होरं जाऊन उभा ऱ्हातो. तू म्हणशील तर तूच घिऊन चल."

त्या क्षणी राहेलला दोन्ही गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. पुढं तिनं तो क्षण पुष्कळ वेळा उलटसुलट करून पाहिला, आणि दर वेळी तिला तेच दिसलं. वडिलांचा हात धरायला ती पुढं झाली होती, आणि तिच्यातली बाई थांबली होती. सहा महिन्यांचं काम होतं. विद्यार्थी तयार झाला होता. तो या वेळी पास होणार होता, हे तिला ठाऊक होतं.

"बुधवारी नक्की?" ती म्हणाली.

"बुधवारी."

"शपथ घ्या."

"आपल्यात शपथा न्हाईत घेत. व्हय म्हटलं म्हंजी व्हय."

"आणि आईला?"

"तिला कळलं तर ती आत्ताच्या आत्ता मला त्या कौलाखाली न्हिऊन बसवंल. तिला समजवाय कुनाच्या बापाला जमायचं न्हाई." मग ते म्हणाले, "तुला तरी वाईच समजवता येतंय."

दोघं घरी आली तेव्हा आई दारात सूप घेऊन बसली होती. लेक अवचित आलेली बघून तिला आनंद झाला आणि लगेच तक्रारही सुचली. "बरं झालं आलीस. जरा सांग तुझ्या इद्यार्थ्याला. अभ्यासाच्या नावाखाली घरातली काडी हलवीत न्हाईत. परवा चूल बी म्याच लिपली."

दावीद राहेलकडं बघत नव्हते. "परीक्षा होऊ दे की," राहेल म्हणाली. "मग लाव कामाला."

पुढचे दोन आठवडे वही पहिल्यासारखीच आली आणि गेली. वाक्यं आता कुणाबद्दलच नव्हती. मुलाला आंबा खाता येतो. उद्या पाऊस पडेल. आपण वेळेवर उठावं. एकही चूक नव्हती. राहेल दर पानाला दहापैकी दहा देत होती आणि बुधवार मोजत होती. एकदा तिनं शेवटी पेन्सिलनं मराठीत लिहिलं, 'बरं आहे ना?' उत्तर आलं, 'आहे.' हाताला खोटं लिहायचं वळण नव्हतं, त्यामुळे तिनं ते खरं धरलं. ते तेव्हा खरं असेलही.

शनिवार गेला, रविवार गेला. मंगळवारी दुपारी नववीच्या वर्गावर शिपाई आला आणि म्हणाला, बाहेर एसटीचा कंडक्टर उभा आहे. मच्छिंद्र फाटकाशी उभा होता, खाकी कपड्यात, पेटी न घेता. पेटी न घेता ती त्याला पहिल्यांदाच बघत होती.

"बाई, गाडी उभी केलीय," तो म्हणाला. "चला."

तिनं विचारलं नाही. पर्स घ्यायलाही आत गेली नाही. स्टँडवर गाडी माणसांनी भरलेली होती, इंजिन चालू होतं, आणि इतका वेळ थांबवल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या सीटवर एका म्हातारीनं सरकून जागा दिली. न्हावरं मागं पडलं तेव्हा मच्छिंद्र येऊन तिच्याशेजारी दांडीला धरून उभा राहिला.

"सकाळी पाळीवरनं दहालाच घरी आले म्हणं. पडतो जरा म्हणाले." तो समोरच्या काचेकडं बघत बोलत होता. "इतवारी सोलापूरच्या गाडीनं उतरले ते मला स्टँडवर गाठाय आले हुते. म्हणाले, बाईना सांग, एक बी ओळ कोरी सोडली न्हाई. आज शिरूरला आलो की तुम्हाला सांगणार हुतो."

दौंडच्या ख्रिस्ती कबरस्तानात बुधवारी सकाळी त्यांना पुरलं. केबिनमास्तर आले होते, यार्डातले पंचवीस-तीस जण आले होते. कबरीवर माती लोटताना दूरवर सिग्नल पडला आणि बाहेर पडायच्या गाडीनं शिट्टी दिली. तेवढ्या वेळात पाळीवर कुणी दुसरा होता.

शनिवारी यार्डाच्या ऑफिसातून बाळासो नावाचे क्लार्क कागद घेऊन आले. भले माणूस होते. कुठं सही करायची तिथं पेन्सिलनं फुली करून आणली होती. आईनं एकेका फुलीवर सावकाश नाव काढलं. शाई वाळेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून बाळासो म्हणाले, "वहिनी, आजारी हुते तर रिपोर्ट का न्हाई केला?"

"आजार कुठं हुता?" आई म्हणाली. "उभ्या जल्मात सर्दी न्हाई झाली त्यांस्नी."

"न्हाई, केबिनमास्तर म्हणत हुते, जिन्यावर थांबायचे म्हनून. दाखवलं असतं तर हलकं काम मिळालं असतं. रीतच हाय तशी."

"आणि परीक्षा?" राहेलनं विचारलं.

"परीक्षेला बसताच आलं असतं की. लिव्हरला अनफिट माणूस खुर्चीला अनफिट कसा? त्याचा आन् ह्याचा काय संबंध?"

"यादीतून नाव उडतं, असं म्हणतात."

"कोन म्हणतंय?"

"सगळे."

"यार्डात सगळे कायबी म्हणत्यात, बाई," बाळासो म्हणाले, आणि कागद एकावर एक लावून पिशवीत घातले. निकाल लागायला अजून महिना आहे, असं जाताना म्हणाले. तो कधी लागला, ते राहेलनं पुढंही विचारलं नाही.

संध्याकाळी शेजारची बाई जेवणाचा डबा देऊन गेली. चार दिवस असंच कुणी ना कुणी देत होतं. आईनं डबा उघडला नाही. ती चुलीपाशी पाटावर बसली होती, हात मांडीवर.

"राहेल," ती म्हणाली, "परीक्षेचं तू का इचारलंस त्यांना?"

राहेलनं जेवणाचा डबा बाजूला सरकवला.

"नाव उडतंय, हे कुनी सांगितलं तुला?"

कुठंतरी ऐकलं, असं म्हणता आलं असतं. आईनं ते मानलंही असतं, आणि पुढं कधी विचारलं नसतं. राहेल म्हणाली, "बाबांनी. त्या दिवशी मी अवचित आले ना, त्या दिवशी. जिन्यावर त्यांना दम लागत होता, हाताला मुंग्या येत होत्या. मला ठाऊक होतं."

आई तिच्याकडं बघत राहिली. रडली नाही. बोलली तेव्हा तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"सोमवारी म्या त्यांस्नी दळणाला धाडलं. ते म्हणाले, उद्या आणू का. म्या म्हणले, परीक्षा झाली, आता काय बहाना हाय? गेले. बाजरीचा डबा डोक्यावर घिऊन गेले आन् पीठ घिऊन आले. दारात टेकले घडीभर. म्या हसले त्यांस्नी. म्हणले, क्लार्क झाल्यावर हमाल ठिवा एक."

"आई..."

"घरात तीन माणसं आपुन. दोघांस्नी ठावं हुतं."

  बाहेर कुणाच्या तरी कोंबड्या खुराड्यात चालल्या होत्या, त्यांची कुरकुर ऐकू येत होती.

"ते पीठ हाय अजून डब्यात," आई म्हणाली. "आज पाच दिस झाले. बाजरीचं हाय, उद्या कडू पडंल. मला ते टाकवत न्हाई आन् मळवत बी न्हाई."

राहेल उठली. फळीखालचा डबा पुढं ओढला. तो अजून गळ्यापर्यंत भरलेला होता. तिनं परातीत दोन ओंजळी पीठ घेतलं, तांब्यातलं पाणी घातलं आणि मळायला बसली. चूल पेटवली, तवा ठेवला. पहिली भाकरी थापताना कडेला चिरली, कारण शिरूरला ती बहुधा खानावळीतच जेवायची आणि हाताची सवय गेली होती. तिनं ती तशीच तव्यावर टाकली.

आई जागची हलली नाही. भाकरीच्या कडा करपायला लागल्या तरी ती बघत राहिली. मग म्हणाली, "जाळ मागं घे जरा."

राहेलनं एक लाकूड मागं ओढलं.